भिंतीला दोन्ही हात

सत्काराच्या कार्यक्रमात माझी ओळख करून देणारा माणूस हटकून 'धाडसी' हा शब्द वापरतो. 'पाण्याला न भिणारी आपली धाडसी भगिनी' असं म्हणून झालं की शाल येते, नारळ येतो आणि मी खाली मान घालून उभी राहते. लोकांना तो विनय वाटतो. खरं तर मला हसू येत असतं. अकरा वर्षं मी शर्यतीत पोहले, बटरफ्लाय पोहले, पदकं आणली, आणि त्या अकरा वर्षांत एकही शर्यत मी न घाबरता पोहलेली नाही. पाण्याला भीत नव्हते हे मात्र खरं आहे. मी भिंतीला भीत होते.

ज्यांनी बटरफ्लाय कधी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. दोन्ही हात एकदम पाण्याबाहेर काढून पुढं फेकायचे, पाय जोडून एकदम मारायचे, आणि भिंत आली की तिथंही दोन्ही तळवे एकाच वेळी टेकवायचे. एक हात आधी लागला आणि दुसरा मागून आला, किंवा आलाच नाही, तर पोहणारा बाद. मग तो सगळ्यांच्या दहा हात पुढं का असेना. पन्नास मीटरच्या तलावात शंभर मीटरची शर्यत असली की भिंत दोनदाच लागते, एकदा वळताना आणि एकदा शेवटी. माझं सगळं पोहणं त्या दोन ठिकाणी अडकून पडलेलं होतं.

आमचं घर पडेगावला. माझ्या लहानपणी दौलताबाद रोडच्या दोन्ही बाजूंना शेतंच होती. आमचंही एक होतं, पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेल्यावर आजोबांनी घेतलेलं, आणि त्यात एक दगडी बांधणीची जुनी विहीर. चांगली ऐसपैस विहीर होती, उतरायला पायऱ्या होत्या. दगडांमधला चुना मात्र कधीचाच झडून गेला होता आणि जागोजाग कपारी पडल्या होत्या. काही कपारींत पारवे राहायचे. बाकीच्यांत काय राहतं ते आमच्याकडं कुणी मोठ्यानं बोलत नसे.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. आसपासच्या कुठल्याही विहिरीत कळशी पडली, किंवा मोटारीच्या पाइपाला खाली बसवलेला फूट-व्हॉल्व्ह, ज्याला आमच्याकडं फुटबॉलच म्हणतात, तो गाळात रुतला, की बोलावणं दादांना यायचं. ते एक दम घेऊन खाली जायचे आणि इतका वेळ वर यायचे नाहीत की काठावरची माणसं एकमेकांची तोंडं बघायला लागायची. काळीज सुपाएवढं, असं लोक म्हणायचे. त्यांच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं वाळक्या शेंगांसारखी वाकडी होती. तरुणपणी पारव्याची पिल्लं काढायला त्यांनी कपारीत दोन्ही हात घातले होते आणि आत फुरसं होतं. दोन्ही हात आत, पाय पायरीच्या टोकावर, धरायला काही नाही. चावल्याबरोबर ते पाठीवर पाण्यात कोसळले. महिनाभर सरकारी दवाखान्यात होते. जीव वाचला, बोटं गेली.

म्हणून मला पोहायला शिकवताना त्यांनी सगळ्यात आधी नियम शिकवला तो भिंतीचा. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून त्यांनी मला पाण्यात सोडलं, मी हातपाय झाडत कडेला गेले आणि दगडाला मिठी मारायला निघाले, तर वरून आवाज आला, "दोन्ही हात लावू नको पोरी. एकच लाव. दुसरा आपल्यापाशी ठेवायचा."

"का?"

"काय असंल नसंल आतमंदी. चावलंच तर एका हाताला चावंल. दुसऱ्यानं पवता येतंय."

मी सहा वर्षांची होते. सहा वर्षांच्या पोरीला असं सांगावं का, हा प्रश्न मला स्वतःला मुलगी झाल्यावर पडला. तेव्हा पडला नाही. उजवा हात भिंतीला, डावा छातीशी, हे मी बाराखडीच्या आधी शिकले. आठव्या वर्षी एकदा पायरीचा दगड समजून हात ठेवला तो गार आणि मऊ लागला, आणि तळव्याखालून सरकत गेला. दिवड होती, पाण्यातली, बिनविषारी. दादांनी ती पाहून तसं सांगितलं, आईनं मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या, आणि मला चार दिवस ताप आला. ताप उतरला. ते तळव्याखालचं सरकणं काही उतरलं नाही. अजूनही न्हाणीघरात ओल्या साबणाची वडी अचानक हाताला लागली की मी हात मागं ओढते.

सातवीत असताना शाळेतल्या पीटीच्या बाईंनी मला शहरातल्या तलावावर नेलं. तेव्हा शहराला औरंगाबादच म्हणायचे. तिथले सर जुन्या शहरातले, पन्नाशीचे, पान खाणारे. मराठी, दखनी आणि शिट्टी अशा तीन भाषा ते एकाच वाक्यात बोलायचे. मला दोन वेळा तलाव पार करायला लावून ते बाईंना म्हणाले, "इसके खांदे देखो जरा. हिला बटरफ्लायला टाका." त्या एका वाक्यानं माझं काय होणार ते ठरलं. मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी हो म्हणाले असते, इतकं ते पाणी स्वच्छ होतं.

बटरफ्लाय मला लवकर आला. आई एकदा बघायला आली आणि घरी जाऊन शेजारणीला म्हणाली, "फुलपाखरू कशाचं गं, म्हैस डुंबायलीय असं वाटतंय." पण म्हैस वेगात डुंबत होती. वर्षभरात तलावावरच्या सगळ्या मुलींच्या मी पुढं गेले. अडचण फक्त भिंतीची होती. हळू पोहत गेले की दोन्ही हात नीट लागायचे. वेगात गेले की शेवटच्या हातभर अंतरावर डावा हात आपोआप छातीशी यायचा. मी तो आणत नव्हते, तो यायचा. सरांना ते कळेना.

"एक हाथ लगाया तो वो सलाम झाला, बेटा," ते म्हणायचे. "सलाम मैं करतो, तू नक्को करू. तू नमस्कार कर, दोन्ही हातांचा."

तलावावर सगळे हसायचे. पुढं पुढं तर कुणीही बाद झालं की 'सलाम करून आला' असंच म्हणायची पद्धत पडली. हसणाऱ्यांत मीही असायची. घरी जाऊन मात्र न्हाणीघराच्या भिंतीला दोन्ही तळवे लावून उभी राहायची आणि डावा हात कधी हलतो ते बघायची. उभ्यानं तो कधीच हलला नाही.

जिल्ह्याच्या स्पर्धेत मी पहिल्यांदा बाद झाले तेव्हा दादा धुतलेलं धोतर नेसून बघायला आले होते. मी सगळ्यांच्या आधी पोचले, त्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि वळणावरच्या पंचाचा हात वर होता. पदक दुसरीला मिळालं. बाहेर आल्यावर दादांनी विचारलं, "पहिली आलीस ना गं? मग?"

खरं सांगायला मी तोंड उघडलं. हा माणूस सगळ्या पडेगावला सांगत फिरायचा की पोरीला मीच शिकवली, डबा बांधून. त्याला कसं सांगायचं की तुम्ही जे शिकवलं त्यानंच मी बाद होते? मी म्हणाले, "पंच त्यांच्या बाजूचा होता, दादा."

एकदा खोटं बोललं की त्याला खतपाणी घालत राहावं लागतं. जिल्ह्याला, विभागाला पुढं माझं जमून गेलं, कारण तिथं बाकीच्या इतक्या मागं असायच्या की भिंतीजवळ मी वेग कमी करायची आणि दोन्ही हात सावकाश टेकवायची. राज्याच्या निवड चाचणीत सावकाश काही चालत नाही. तिथं पहिल्या दोघींना महाराष्ट्राच्या संघात घेतात आणि राष्ट्रीय स्पर्धेला पाठवतात. मला तेवढंच हवं होतं, एकदा तरी त्या संघातून जायचं. लागोपाठ दोन वर्षं मी तिथं बाद झाले आणि दोन्ही वेळा घरी येऊन त्याच पंचाच्या नावानं खडे फोडले. दुसऱ्या वर्षी सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "अगले साल आखरी. औंदासारखं झालं तर मैं तेरा नाम नहीं देता. दुसरी लडकी को मौका मिलना चाहिए." त्यात रागाचं काही नव्हतं. ते बरोबरच बोलत होते, म्हणून तर मला रडू आलं.

त्यानंतरचा उन्हाळा वाईट गेला. शहराला पाणी पुरेना, तलाव रिकामा करून कुलूप लावलं. निवड चाचणी पावसाळ्यानंतर होती आणि ती आमच्याच शहरात ठरली होती. सराव कुठं करायचा हे बघायला सर एक दिवस सायकल मारत पडेगावला आले. दादांनी त्यांना बाजेवर बसवलं. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा दादांनी विषय काढलेलाच होता.

"मास्तर, त्या पंचाचं काय करायचं? तीन साल झाले, पोरीवर डूख धरलाय त्यानं. मी सवता येतो औंदा, बगतो त्याच्याकडं."

"कौनसा पंच?" सर म्हणाले.

मी कपबशा ओट्यावर ठेवून दिल्या. सरांनी माझ्याकडं पाहिलं, आणि त्यांना सगळं कळलं असावं, पण दादा उत्तराची वाट बघत होते आणि सरांना खोटं बोलता यायचं नाही.

"भाऊ, पंच बराबर आहे. लडकी एकच हात लावती." ते उठले, आमच्या घराच्या भिंतीपाशी गेले, उजवा तळवा भिंतीला टेकवला आणि डावा छातीशी धरला. "ऐसा. कितीदा सांगितलं. दीवार काय काटती क्या तिला?"

दादा त्या भिंतीकडं, सरांच्या छातीशी धरलेल्या हाताकडं बघत राहिले. मग ते म्हणाले, "हे मीच शिकवलंय तिला." चहा तसाच गार झाला. सर गेल्यावर मी दाराआड उभी होते, आता ओरडतील, मग ओरडतील म्हणून. ते ओरडले नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सिमेंटचं पोतं, वाळू, घमेलं, थापी आणि दगडाच्या चिपांची पाटी विहिरीवर नेली. मला म्हणाले, "चल. घमेलं द्यायला कुणी तरी लागंल."

विहिरीचं पाणी खाली गेलं होतं, एरवी बुडालेल्या पायऱ्याही उघड्या पडल्या होत्या. दादा सगळ्यात वरच्या कपारीपासून लागले. कपार बुजवायची म्हणजे आधी आतलं सगळं काढावं लागतं. त्यांनी लोखंडी सळई घालून ढोसलं, वाट पाहिली, परत ढोसलं. मग उजवा हात आत घातला, पार कोपरापर्यंत. काडीकचरा, माती, पिसं बाहेर आली. मग चीप एका हातानं आत धरायची आणि दुसऱ्यानं माल दाबायचा. म्हणजे दोन्ही हात आत.

मी दोन पायऱ्या खाली घमेलं धरून उभी होते. पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. प्रत्येक कपारीला मी मनात आकडे मोजायची आणि हात बाहेर आला की श्वास सोडायची. तिसऱ्या की चौथ्या कपारीला माझ्या लक्षात आलं की सळई वाजते आहे. दगडाला लागून टकटक, टकटक, थांबायचं नाव नाही. दादांचा हात कापत होता.

"दादा, नका ना करू," मी म्हणाले. "मी शिकंन तशीच. मी लावंन दोन्ही हात."

"गप."

त्यांनी हात आत घातला, काढला, आणि पायरीवर बसले. कपाळावर घाम होता, उन्हाचा म्हणावा तर तिथं सावली होती.

"लई भ्या वाटतंय गं," ते म्हणाले.

मी घमेलं पायरीवर ठेवलं.

"तुला काय वाटलं, मला वाटत नसंल? तवापसून एका बी कपारीला हात लावला नाय मी. वीस साल झाले. तळाला जातो, गाळात जातो, पर भिताडाकडं बगत नाय."

मला रडू कोसळलं. आपल्या घरात भित्री मी एकटीच आहे असं मी इतकी वर्षं समजत होते, आणि त्याची लाज वाटून वाटून मी खंगले होते. दादांनी मला रडू दिलं. मग घमेल्याकडं बोट केलं, आणि मी ते उचलून दिलं.

बावीस दिवस लागले. तळाचे झरे तेवढे सोडले, बाकी हाताला लागेल अशी एकही फट त्यांनी ठेवली नाही. सापाच्या कातींचा ढीग निघाला, दोन विंचू निघाले, उंदराचं घर निघालं. एकदा सळई घातल्याबरोबर एक दिवड बाहेर आली आणि सपकन पाण्यात पडली. आम्ही दोघं धावत वरच्या पायरीवर जाऊन बसलो आणि कितीतरी वेळ 'तू आधी उतर', 'तुम्ही आधी उतरा' असं चाललं होतं. येणारे-जाणारे वरून डोकावून म्हणायचे, "काय, विहिरीला गिलावा करायलात का?" दादा म्हणायचे, "व्हय, पोरीचं लगीन हाय हितंच."

मग मी त्या विहिरीत उतरले. विहिरीत एक फायदा असतो, तीन हात मारले की भिंत येते. तलावात दिवसभरात जेवढ्या वेळा भिंत लागायची तेवढ्या वेळा इथं तासाभरात लागायची. समोर करडे सिमेंटचे ठिपके स्वच्छ दिसत होते, त्यामागं काही नाही हे मी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. तरी पहिल्या दिवशी डावा हात छातीशी आला. दुसऱ्या दिवशीही आला. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, त्याला सिमेंट वाचता येत नाही. दादा पायरीवर पाय सोडून बसायचे आणि मी भिंतीजवळ आले की म्हणायचे, "दोन्ही." दिवसभर तो एकच शब्द. पाऊस सुरू झाला, विहीर भरली, तोवर दहातल्या आठ वेळा दोन्ही हात लागायला लागले होते. उरलेल्या दोन वेळा कधी येतील ते कुणालाच माहीत नव्हतं.

आता इथं मी लिहायला हवं की भीती गेली. वाचणाऱ्यालाही बरं वाटेल. पण ती गेली नाही, पुढं मी जितकी वर्षं पोहले तितकी वर्षं ती भिंतीपाशी उभी असायची. फक्त तिला घेऊन हात पुढं कसा करायचा हे मी त्या विहिरीत शिकले.

पावसानंतर तलाव पुन्हा भरून उघडला होता, चाचणी तिथंच होती. जीव मुठीत धरून उभं राहायचं म्हटलं तर मूठ धरायची सोय नाही, बटरफ्लायला तळवे उघडेच लागतात. दादा आईबरोबर पायऱ्यांवर बसलेले दिसले. शिट्टी झाली. पहिले चाळीस मीटर मला आठवतही नाहीत. शेवटचे दहा आठवतात, कारण तळाची काळी पट्टी संपली आणि समोर भिंतीची फरशी आली, आणि डाव्या खांद्यात ते जुनं आखडणं सुरू झालं. मी पाण्यात तोंड असतानाच ओरडले, 'दोन्ही', आणि नाकातोंडात पाणी गेलं. हात लागले. दोन्ही एकदम लागले का, ते मला कळलं नाही.

आणि मग ते सगळ्यात वाईट पन्नास मीटर. पंचाचा हात मागं वर गेला आहे की नाही ते वळून बघता येत नाही. मी बाद झालेली असेन तर ही सगळी धडपड वाया आहे, आणि नसेन तर शेजारची मुलगी माझ्या बरोबरीला आहे. शेवटच्या भिंतीला सावकाश जावं तर ती मला टाकून जाणार. वेगात जावं तर तो हात. मला आयुष्यात इतकी भीती कधी वाटलेली नाही, बाळंतपणातही नाही. मी वेगात गेले. दोन्ही तळवे फरशीवर इतक्या जोरात आपटले की कोपरापर्यंत मुंग्या आल्या.

वर पाहिलं तर पंच बाई कागदावर काही लिहीत होत्या आणि त्यांचे दोन्ही हात खाली होते. समोरच्या टोकालाही कुणाचा हात वर नव्हता. सर कडेनं पळत आले आणि दोन बोटं दाखवली. दुसरी. पहिल्या दोघींना घेतात.

मी पायऱ्यांकडं पाहिलं. आई होती, दादांची जागा रिकामी होती. आईनं फाटकाकडं हात केला. मी टॉवेल गुंडाळून तशीच ओली बाहेर पळाले. दादा रस्त्याच्या कडेला, तलावाकडं पाठ करून उभे होते. शिट्टी वाजल्याबरोबर ते उठून बाहेर आले होते, आणि शर्यत संपेपर्यंत समोरच्या सायकली बघत उभे होते.

"दादा," मी म्हणाले.

ते वळले.

"लागले."

"दोन्ही?"

"दोन्ही. दोन्ही वेळेला."

त्यांनी मान हलवली आणि तिथंच रस्त्याच्या कडेच्या दगडावर खाली बसले. "थांब जरा," ते म्हणाले. "पाय कापायलेत माझे." मी त्यांच्या शेजारी बसले, आणि लोक आत-बाहेर जात राहिले.

कितवा नंबर आला, हे त्यांनी दुसऱ्या दिवशी भाकरी खाताना विचारलं.